इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्हचा धडा फाडून टाका म्हणणाऱ्यांना

शाईदौत
गेल्या आठवड्यात ल्योंकर यांनी फ्रेंचमधल्या इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्हबद्दल (भूतकाळी वाक्यात इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) इथे लिहिलं होतं : "इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्ह शिकवणं म्हणजे विद्यार्थ्यांचा वेळ आणि फी दोन्ही बुडवणं. ९ वर्षं फ्रान्समध्ये राहतोय, एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नाही. शिक्षकांनी तो धडा पुस्तकातून फाडून टाकावा." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी पुण्यात १८ वर्षं फ्रेंच शिकवते. दोन दिवस गप्प राहून पाहिलं, राहवलं नाही.

हा काळ अवघड आहे ही मुळात अफवा आहे. पास सांप्ल, म्हणजे पुस्तकी साधा भूतकाळ, येत असेल तर नवं पाठ करायला काही उरतच नाही. पास सांप्लचं 'तू'चं रूप घ्या आणि त्याला 'एसई' जोडा. 'तू पार्ला' (तू बोललास) मधला शेवटचा एस मुका असतो, 'एसई' लागली की बोलायला लागतो : 'क ज पार्लास' (मी बोलावं). फिनीरचं (संपवणे) फिनीस, आव्वारचं (जवळ असणे) यूस, एत्रचं (असणे) फ्यूस, व्हनीरचं (येणे) व्हँस. वेगळं आहे ते फक्त तृतीय पुरुषी एकवचन. तिथे 'एसई' नाही. स्वराच्या डोक्यावर टोपी (^) आणि शेवटी टी. कानाला ते पास सांप्लसारखंच लागतं, फरक दिसतो तो कागदावर. वर्तमानातल्या सबजंक्टिव्हमध्ये 'फेर', 'साव्वार', 'पूव्वार', 'आले' या क्रियापदांची वेगळी घोकंपट्टी करावी लागते. इथे एकही अपवाद नाही.

आणि "कुणी बोलत नाही" हे मराठीला लावून बघा. "तो पहाटे नदीवर जाई आणि ओलेत्यानंच परत येई" असं आज कोण बोलतं? आपण 'जायचा', 'यायचा' म्हणतो. म्हणून 'जाई-येई' शाळेतून काढायचं का? काढलं तर निम्म्या जुन्या मराठी गद्याला कुलूप लागेल. फ्लोबेरची कादंबरी उघडणाऱ्या मुलाला तृतीय पुरुषातला 'फ्यू' टोपीवाला आहे की बिनटोपीचा हे कळलंच पाहिजे. बिनटोपीचा म्हणजे घडलेलं, टोपीवाला म्हणजे इच्छिलेलं, शंका घेतलेलं, किंवा 'जरी'च्या पोटातलं.

ल्योंकर
माझं वाक्य दिलंत ते बरोबर आहे, आणि मी ते मागे घेत नाही.

मीही पुण्यातच शिकलो, कुठे ते सांगत नाही. तिथे आठ आठवडे पास सांप्ल आणि त्यामागोमाग हा तुमचा लाडका काळ. यूस, यूस, यू, यूसियाँ, यूसिए, यूस असं घरी आईला म्हणून दाखवायचो. ल्याँला उतरल्यावर खोलीसाठी पहिला फोन केला, तर पलीकडची बाई भाड्याबद्दल 'शार्ज कॉम्प्रीज' म्हणाली. पाणी, जिन्याची सफाई वगैरे त्यातच धरलंय, एवढा साधा अर्थ. मला तो कळला नाही. मी "वी, वी" म्हणून फोन ठेवला आणि खोली गेली. नोव्हेंबरचा महिना होता, अकरा रात्री एका ओळखीच्याच्या सोफ्यावर काढल्या. त्या आठ आठवड्यांत मला फोनवर बोलायला शिकवलं असतं तर?

सरकारनं स्वतः माघार घेतलीय हेही सांगा विद्यार्थ्यांना. २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशात, मुख्य वाक्यात कंडिशनल ('झालं असतं' छापाचं रूप) असेल तर इम्पर्फेक्टऐवजी वर्तमान सबजंक्टिव्ह चालेल, असं परीक्षकांना कळवलं गेलं. १९७६ च्या डिसेंबरात ती सूट भूतकाळातल्या वाक्यांनाही मिळाली. 'ज वूले किल व्हँ' आणि 'ज वूले किल व्हिएन' (तो यावा असं मला वाटत होतं) दोन्ही बरोबर. १९०१ ला जे सैल झालं ते तुम्ही आज पुण्यात घट्ट करताय.

मडगावकार
काळ कृत्रिम आहे असं मात्र म्हणू नका. माझे आजोबा पणजीच्या लिसेवांत, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलांत, शिकलेले. पोर्तुगीजमध्ये हाच काळ, याच लॅटिन घराण्यातला, आजही अगदी जिवंत आहे. 'से एउ सोबेस', मला ठाऊक असतं तर. लिस्बनचं शेंबडं पोरही हे बोलतं. आजोबा शेवटच्या आजारपणात मराठी आणि कोंकणी दोन्ही विसरत चालले होते, तरी "से एउ पुदेस" म्हणायचे, मला जमलं असतं तर. त्यामुळे कुणी या काळाला 'मेलेला' म्हटलं की मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

ल्योंकर
आजोबांबद्दल आदर आहे. पण ती पोर्तुगीज. फ्रेंचनं पास सांप्ल बोलण्यातून टाकला, त्याबरोबर त्यावर उभा असलेला हाही गेला. शिवाय 'आस' हा शेवट फ्रेंच कानाला हिणकस लागतो. व्हिनास म्हणजे भिकार वाइन, पापरास म्हणजे कागदपत्रांचा कचरा. 'पार्लासियाँ' म्हटलं की लोक हसतात. मी एकदा ऑफिसच्या मेलमध्ये असं रूप लिहिलं होतं, ते पुढे वर्षभर मला ऐकवलं गेलं.

जुनी_पोथी
शाईदौत, एक दुरुस्ती. "एकही अपवाद नाही" चूक. आईर, म्हणजे द्वेष करणे. त्याच्या तृतीय पुरुषी एकवचनात टोपी येत नाही, आय वर दोन टिंबंच राहतात.

पण टोपीवरून आठवलं. १९९० मध्ये फ्रेंचांनी शुद्धलेखन सुधारलं तेव्हा आय आणि यू वरची टोपी बहुतेक शब्दांतून ऐच्छिक केली. या काळात मात्र ठेवली, कारण तिथे ती काढली तर अर्थ बदलतो. याला म्हणतात विवेक. आपल्याकडे १९६२ च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी काय केलं? न उच्चारलेला अनुस्वार सरसकट उडवला. 'नांव' आणि 'नाव' एक झाले. 'तें घर' आणि 'ते लोक' यांतला भेद गेला. माझ्या वडिलांची पत्रं मुलांना दाखवली तर विचारतात, आजोबा इतकी टिंबं का द्यायचे? एका पिढीत आपण स्वतःच्या बापाच्या अक्षराला परके झालो.

वर्गात_आवाज
याच टिंबांपायी माझ्या वडिलांना दोनदा मॅट्रिकला मराठीत मार्क गेले. शेतावरनं येऊन कंदिलाखाली अभ्यास करणाऱ्या मुलानं 'मीं' वर टिंब का द्यायचं? त्याच्या घरात ते टिंब कुणाच्याच तोंडात नव्हतं. ज्यांच्या घरात पोथ्या होत्या त्यांना ते आयतं मिळालं. मी २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १९६२ नसतं तर माझ्या वर्गातली अर्धी मुलं लाल शाईतच बुडाली असती.

आणि अर्थभेदाचं म्हणाल तर जुन्या लेखनात एका घराला आणि अनेक घरांना, दोन्हीला 'घरांत'च लिहायचे. 'घरात' आणि 'घरांत' हा फरक नव्या नियमांनीच दाखवला. तो तुम्हाला दिसत नाही.

जुनी_पोथी
माझ्या घरात पोथ्या होत्या हे कुठून काढलंत? वडील पोस्टात कारकून होते. शिक्षकच असं जातीवर घसरायला लागले तर बोलणंच खुंटलं.

वर्गात_आवाज
जात हा शब्द मी लिहिलेला नाही, तुम्ही लिहिलात. वर वाचून बघा.

मडगावकार
दोघांनाही एक सांगतो. 'न उच्चारलेला' म्हणताय तो अनुस्वार आम्ही उच्चारतो. कोंकणींत 'घर' नपुंसकलिंगी, म्हणून 'तें घर', नाकातूनच. पुण्यामुंबईच्या तोंडातून गेला म्हणजे सगळीकडून गेला असं नाही. ल्योंकरांचं "मी ऐकला नाही" हेही त्याच जातकुळीचं.

केतकी_पान
शाईदौत, तुमच्याही 'केलं', 'लिहिलं' वर टिंब आहे. जुनं 'केलें' मेलं नाही, बोलीच्या वेशात परत आलं. एवढ्यावरून भांडण कशाला?

मूळ विषयावर माझं मत : हा काळ माणसं चाळण्यासाठी वापरला गेला, हे खरं. काम्यूच्या 'ला श्यूत' (१९५६) या कादंबरीतला निवेदक हा काळ वापरतो, समोरचा दचकल्याचं पाहतो आणि आपल्याला त्याचा मोह असल्याची कबुली देतो. पण कवी सेंगॉरही विसरू नका. वसाहतीतल्या सेनेगलमध्ये जन्मलेला माणूस १९३५ मध्ये फ्रेंच व्याकरणाची आग्रेगासियाँ, म्हणजे शिक्षक निवडीची अवघड स्पर्धा परीक्षा, उत्तीर्ण होतो आणि १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून येतो. ज्यांच्यापासून व्याकरण दूर ठेवलं जातं, त्यांच्याच हाती ते पूर्ण द्यायला हवं. "तुम्हाला काय करायचंय, बोलण्यापुरतं शिका" हे ऐकून मला चीड येते, कारण मलाही तेच सांगितलं होतं.

वर्गात_आवाज
केतकी, द्यायला हवं, कबूल. पण ते येत नाही म्हणून मार्क कापायचे नाहीत. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. वडिलांच्या वेळी कापले गेले, म्हणून मी एवढी बोलले.

शाईदौत
आईरबद्दल जुनी_पोथी बरोबर आहेत. १८ वर्षं "एकही अपवाद नाही" सांगत आले, आता वर्गात दुरुस्त करावं लागेल.

ल्योंकर, अकरा रात्रींचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या वर्गानं रूपं पाठ करून घेतली आणि ओळखायला शिकवलं नाही, असं मला दिसतं. बी२ या परीक्षेच्या पातळीपर्यंत हा काळ कुणी लिहायला मागत नाही, तरी आठ आठवडे घोकून घेणं हा शिकवणाऱ्याचा दोष आहे. मीही सहा तास देते. त्यातले चार कमी करता येतील, हे मान्य करायला जड जातंय. 'पार्लासियाँ' आणि 'पार्लासिए' मी यापुढे फळ्यावर एकदा लिहून सोडून देईन. पण तृतीय पुरुष सोडणार नाही. 'फ्यूतील' (असला तरी), 'द्यूतील' (करावं लागलं तरी), 'न फ्यूस क' (निदान एवढं तरी) हे आजही छापून येतं.

ल्योंकर
चार तास कमी करताय, तेवढं पुरे आहे.

एक सांगून टाकतो, त्यावरून लगेच विजय जाहीर करू नका. मार्चमध्ये मुलगी शाळेचं पुस्तक वाचत होती. टोपीवाल्या 'फ्यू'वर अडली आणि म्हणाली, बाबा, छपाईची चूक आहे का? तिची आई इथलीच, तिला नेमकं सांगता येईना. मी सांगितलं, त्या पुण्याच्या वर्गामुळेच. मुलीनं पेन्सिलीनं पानाच्या कडेला लिहून घेतलं. एवढाच उपयोग, ९ वर्षांत एकदा.

मडगावकार
जुनी_पोथी, वडिलांच्या पत्रातलं एखादं पान, खासगी भाग झाकून, इथे लावाल का? टिंबं कुठेकुठे आहेत ते पाहायचंय. आमच्या उच्चाराशी किती जुळतात ते मी सांगतो.

जुनी_पोथी
लावतो. रविवारपर्यंत थांबा, ट्रंक माळ्यावर आहे.