गाजर गवत बांधावर आहे, पिकात नाही, म्हणून सोडायचं का?

बांधकरी: पाऊस सुरू झाला की बांधावर, विहिरीच्या कडेला गाजर गवत माजतं आणि आपण कानाडोळा करतो. माझ्या मते नुकसान तिथूनच सुरू होतं. कोवळेपणीच ओळखा: जमिनीलगत गोल पसरलेली, गाजरासारखी चिरलेली, लवदार पानं. मग मधून रेघारेघांचं खोड वर येतं. पांढरी बारीक फुलं दिसली म्हणजे उशीर झाला, एका झाडाला हजारो बिया धरतात. पुण्यात 1955 च्या सुमारास दिसलेलं हे तण आज देशभर आहे, ते असंच.

कपाशीवाला: पटतं, पण मजूर आणायचे कुठून? बाया हे गवत उपटायला तयार नाहीत, अंगाला खाज सुटते. टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की काम झालं.

बांधकरी: कपाशीच्या शेजारी टू-फोर-डी? वाऱ्यानं थोडे तुषार उडाले तरी कपाशीची पानं भेंडीसारखी लांबट, चिरलेली होतात. बाया नाही म्हणतात ते बरोबरच आहे. हातमोजे आणि तोंडाला रुमाल आपणच द्यायचे. दम्याच्या माणसाला या कामाला लावूच नका.

रानवाटा: एवढी धावपळ कशाला? मेक्सिकन भुंगे सोडा. 1984 पासून आपल्या देशात सोडताहेत, पानांची चाळण करतात.

कपाशीवाला: पावसाळ्यात करतात. पाऊस सरला की जमिनीत दडी मारतात. ओलिताच्या बांधावर गवत बारमाही, तिथे काय करायचं?

लातूरकर: सूर्यफूल लावणाऱ्यांनी तरी हयगय करू नये. सूर्यफुलाला नेक्रोसिस हा रोग आणणारा विषाणू या गवतात लपून असतो. गवतावर काही दिसत नाही, पण त्याचे परागकण फुलकिड्यांबरोबर पिकावर जातात आणि शेंडा करपतो, फूल वाकडं होतं. बांधावरच्या गवतानं पीक जातं ते असं.

शेणखत: सरसकट शत्रू ठरवू नका. आम्ही फुलायच्या आधी उपटून शेणाबरोबर खड्ड्यात कुजवतो, फुकटचं खत मिळतं.

बांधकरी: फुलायच्या आधी, एवढं पाळलंत तर माझी काहीच हरकत नाही. फुललेलं खड्ड्यात गेलं आणि नीट तापलं नाही, तर खताबरोबर बीही रानभर पसरेल.

कपाशीवाला: आणि बांधापलीकडचा उपटत नसेल तर?

बांधकरी: तर त्याच्या बाजूचंही आपणच काढायचं. रस्त्याकडेच्या गवताचा विषय मात्र ग्रामसभेत काढा, ते एकट्यादुकट्याचं काम नाही.