‘पाणलोट’ मुलांना कसा सांगायचा? आणि हे ‘वादळी पाणी’ काय?

पाचवीच्या बाई : सोलापुरात पाचवीला शिकवते. पावसाच्या तोंडावर परिसर अभ्यासासाठी एक भाषांतरित कार्यपत्रिका हाती आली. मथळा : ‘आपला पाणलोट आणि वादळी पाण्याचे प्रदूषण’. चित्र काढायला सांगितलं, तर अर्ध्या वर्गानं समुद्र, वाकलेले माड आणि उलटलेली होडी काढली. पाणलोटाबद्दल एकाचं उत्तर : ‘ते गावाकडं असतंय बाई, आजोबांच्या रानात.’ या दोन शब्दांचं काय करू?

रानातला : पोराचं अगदीच चूक नाही. हा शब्द आपल्या कानावर पडला तोच समतल चर, नालाबांध, ‘माथा ते पायथा’ अशा माती-पाणी अडवायच्या कामांच्या संगतीनं, सरकारी पाट्यांवरून. पण फोडून बघा : पाणी आणि लोट. लोट धुळीचा असतो, धुराचा असतो, तसा पाण्याचा. म्हणजे पाणलोट हे आधी वाहणारं पाणी. ते ज्या जमिनीवरून उतरतं ते पाणलोट क्षेत्र. वर्गात ‘क्षेत्र’ गाळू नका. गाळलं की डोळ्यांपुढं पूर येतो, जमीन येत नाही. आणि जमिनीत तुमच्या शाळेची गच्चीही आली, समोरचा रस्ताही आला.

कोशवेडा : इंग्रजीत वॉटरशेडचा घोळ मोठा आहे. ब्रिटिश वापरात दोन नद्यांचं पाणी वेगळं करणारा उंचवटा, अमेरिकी वापरात एका प्रवाहाकडे उतरणारा सगळा मुलूख. मराठीत पहिल्याला जलविभाजक, दुसऱ्याला पाणलोट क्षेत्र. इथे आपणच बरे. ‘वादळी पाणी’ ही मात्र भाषांतरकाराची करामत. स्टॉर्मवॉटर म्हणजे पाऊस पडल्यावर जमिनीवरून वाहत जाणारं पाणी, त्याला वादळ लागत नाही. कचेरीच्या मराठीत ते ‘पर्जन्यजल’. पाचवीला पाठ होईल, कळणार नाही.

चाळकरी : ‘पावसाचं पाणी’ म्हणा की सरळ!

पाचवीच्या बाई : म्हटलं होतं. पावसाचं म्हटलं की मुलांना ते स्वच्छच वाटतं. शिवाय गटारात गेलेलं सगळं पुढं कुठंतरी शुद्ध होतं, अशी ठाम समजूत. (पालकांचीही.)

चाळकरी : ड्रेनेज आणि पावसाळी गटार यांत गल्लत होते. ड्रेनेज म्हणजे संडास-मोरीचं, झाकणाखालचं. ते शुद्धीकरण केंद्राकडं न्यायचं असतं. पावसाळी गटार गाळणीबिळणीविना थेट नाल्यात. पाणी तुंबलं की लोक ड्रेनेजचंच झाकण उचलतात, ते सोडा.

रानातला : मग ‘धुवण’ म्हणा. तांदळाचं धुवण घराघरांत माहीत, तसं रस्त्याचं धुवण, गल्लीचं धुवण. यात एक गंमतही आहे. तांदूळ तीनदा धुतले तर पहिलं धुवण दुधासारखं, तिसरं जवळजवळ नितळ. पावसाचंही तेच. गॅरेजपुढं सांडलेलं तेल, शेण, टायरची झीज, गुटख्याच्या पुड्या, हे सगळं कोरड्या महिन्यांत साठतं आणि पहिल्या जोरदार सरीत निघतं. आपल्याकडं कोरडे महिने किती, हे सांगायला नको.

पाचवीच्या बाई : आज करून बघितलं. कॅलेंडरचं जुनं पान चुरगाळून अर्धवट उलगडलं, झाले डोंगर. कंगोऱ्यांवर स्केचपेननं रंग फासले : काळा गॅरेजचा, तपकिरी गोठ्याचा, गुलाबी डाइंगवाल्यांचा (हे मुलांनीच सुचवलं, दोघांच्या घरी चादरीचं काम आहे). इस्त्रीच्या फवाऱ्यानं पाणी मारलं. ओघळ निघाले, एकमेकांत मिसळले आणि मधल्या खळग्यात मातकट जांभळं पाणी साचलं. ‘बाई, ह्यातलं गुलाबी आता काढता येतंय का?’ मी गप्प. मग नकाशावर बोट फिरवलं : आदिला नदी सीनेला, सीना भीमेला. जलविभाजक कुणाला सांगावाच लागला नाही. घडीवर बोट ठेवून एकजण म्हणाला, ‘इथनं पाणी भांडून दोन्हीकडं जातंय.’

कोशवेडा : वा! सीना-भीमेच्या संगमावर हत्तरसंग कुडल. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा लेख जुन्यात जुन्या मराठी शिलालेखांत गणतात. आपलं धुवण जातं ते त्याच्या दारावरून. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

चाळकरी : आमच्याकडं ‘धोवण’ म्हणतात. बाकी चालू द्या.