भेकाच्या पोटातले बिनतोंडाचे पाहुणे

भेकाच्या आतड्यातले सूक्ष्मजीव त्याला आतून पोखरून मारतात, असं काहींना वाटतं. त्यातल्या ओपॅलिना या एकपेशी जीवाच्या बाबतीत तरी तसं नाही. तो बहुधा निरुपद्रवी भाडेकरूच.

जळगावला बीएस्सीत असताना भेकाच्या आतड्याच्या शेवटच्या भागातला थेंब मिठाच्या सौम्य पाण्यात स्लाइडवर घेतला होता. पानासारखे चपटे, दुधाळ जीव, वळसे घेत सरकणारे. मोठे तर नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखे दिसतात. याला तोंडच नाही! अन्न अंगभर शोषतो. सोबतच्या निक्टोथेरस या दुसऱ्या सूक्ष्मजीवाला मात्र तोंड असतं.

खरी गंमत वेळ साधण्यात आहे. आपल्याकडे उन्हाळाभर भेक केळीच्या बागेत ओलाव्याला दडलेला, तोवर ओपॅलिना नुसता दुभागत राहतो. पावसात भेक विणीला लागला, त्याची संप्रेरकं वाढली, की हा भराभर विभागून लहान होतो, पुटीत (संरक्षक कवचात) शिरतो आणि विष्ठेबरोबर डबक्यात. टॅडपोलने, म्हणजे भेकाच्या पाण्यातल्या पिल्लाने, ती गिळली की पुटी फुटते, लहान-मोठी युग्मकं (प्रजनन पेशी) तयार होऊन जुळतात. म्हणजे याचं लग्न पिल्लाच्या पोटात!

त्यामुळे स्लाइड करायचीच तर जून-जुलैत करा, पुट्या तेव्हाच सापडतील.