लेडीज स्पेशल सुटली आणि वाचनही सुटलं

चौथी सीट

नमस्कार. मला चौसष्टावं लागलंय, राहायला डोंबिवलीत. प्रश्न साधा आहे: वेळ आहे, घरात पुस्तकं आहेत, तरी वाचवत का नाही?

थोडं मागचं सांगते. १९९६ पासून निवृत्त होईपर्यंत फोर्टात नोकरी केली. जाताना लेडीज स्पेशल. मला मिळायची ती बहुतेक चौथी सीट, म्हणजे अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत. विंडोला एक जण कल्याणहूनच बसून यायची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी रोज तिच्या खांद्यावरून तिचं पुस्तक वाचायचे. एक दिवस पान उलटायच्या आधी तिने मान न वळवता विचारलं, "झालं का?" तीच आमची ओळख.

पुढे एकाच पुस्तकावर दोघी वाचायला लागलो. सकाळी ती वाचणार आणि मी डुलकी काढणार. संध्याकाळी मी वाचणार आणि ती मांडीवर पेपर पसरून मेथी निवडणार. तिची खूण केसांचा काळा आकडा, माझी जुना पास. ती नेहमी वीस-पंचवीस पानं पुढे असायची आणि पुढचं कधी फोडायची नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी मला घामाच्या लाटा सुरू झाल्या. ऐन जानेवारीत, पारसिकच्या बोगद्यात, ब्लाउज भिजलेलं. मला वाटलं, हार्टचं काही असणार. तिने हातातलं पुस्तक मिटून त्यानेच वारा घातला आणि कानात म्हणाली, "अगं, पाळी जायची वेळ झाली. काही वर्षं चालतं असं. लोकरीचं घालू नकोस." आमच्या घरात आई, सासू, दोन नणंदा. एकीनेही हा विषय कधी काढला नव्हता.

शुक्रवार, २० मार्च २०२० ला आम्ही शेवटचं बरोबर आलो. रविवारी जनता कर्फ्यू, त्याच रात्री लोकल बंद. ती ३१ मार्चला रिटायर होणार होती. डब्यात तिच्यासाठी श्रीखंड-पुरी ठरली होती, साडी मी आणून ठेवली होती. सगळं राहिलं. ती मुलाकडे नाशिकला गेली. चालू पुस्तक माझ्या पर्समध्येच होतं: आकडा २१२ पानावर, पास १८८ वर. वाचनालय उघडल्यावर पुस्तक परत केलं, आकडा ठेवून घेतला. मीही २०२२ मध्ये रिटायर झाले.

आता तेच पुस्तक विकत आणलंय. दुपारी पलंगावर आडवी होते, चार पानं झाली की डोळे दुखतात. बसून वाचावं तर "रिकामीच आहेस तर जरा..." हे वाक्य येतंच. नातवाचा डबा, गॅसवाला, ह्यांची गोळी. आणि कुणी नाही बोललं तरी मलाच चोरी केल्यासारखं वाटतं. गाडीतला सव्वा तास कुणाच्याच मालकीचा नव्हता.

तिला फोन का केला नाही, हेही विचाराल. सणाला मेसेज होतात. पण चोवीस वर्षांत आम्ही एकमेकींच्या घरी एकदाही गेलो नाही. फोन करून बोलायचं काय, तेच कळत नाही.

स्वान्तसुखाय

ताई, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि रोज ठरावीक वेळी दहा पानं वाचा. हळूहळू सवय लागेल. बाकी सगळ्या सबबी.

चौथी सीट

दादा, ठरावीक वेळी दार वाजलं की तुमच्या घरी उठतं कोण?

चष्मेवाली

मी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली, म्हणून विचारते. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे का? असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटेल. त्या काचेत वाचायचा नंबर खालच्या भागात असतो. गाडीत पुस्तक मांडीवर, नजर खाली, त्यामुळे बरोबर जमायचं. आडवं पडून पुस्तक डोळ्यांसमोर धरलं की नजर काचेच्या मधल्या नाहीतर वरच्या भागातून जाते. मग माणूस हनुवटी वर करून वाचतो, मान आखडते, डोळे शिणतात, आणि वाटतं की वाचनावरचं मन उडालं. नुसत्या वाचनाचा वेगळा चष्मा करून घ्या, आपली साधी चाळिशी. तो घालून चालायचं मात्र नाही. आणि मोतीबिंदूसाठी एकदा तपासून घ्या, या वयात ते राहून जातं. चोरीच्या भावनेवर आमच्या दुकानात काच मिळत नसे.

सूनबाई_८७

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. "रिकाम्याच आहात तर" हे मी परवाच सासूबाईंना म्हणाले. त्यांच्या हातात दिवाळी अंक होता. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. पण एक सांगू का, त्या पुस्तक लगेच मिटतात हो! कधी तरी म्हणाव्यात, "हे पान होऊ दे." मी थांबेन की.

गोदाकाठ

सूनबाई, म्हणायची सवय कुठली असायला? रमाबाई रानड्यांच्या आठवणी काढून बघा. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. न्यायमूर्ती स्वतः शिकवायला बसले आणि घरातल्या बायकांनी टोमण्यांनी जीव नकोसा केला. म्हणजे ह्या चोरीला दीडशे वर्षं झाली, आणि तेव्हाही पहारा आपल्याच बायकांचा.

चौथी सीट, मी नाशिकची. इथल्या सार्वजनिक वाचनालयात, आमच्या सावानात, जाऊन बसते. १८४० ची संस्था आहे. घरी "वाचते" म्हटलं तर चालत नाही, "वाचनालयात जाऊन येते" म्हटलं की चालतं, कारण ते बाहेरचं काम! पिशवीत येताना कोथिंबीर आणायची म्हणजे झालं. तुमच्या मैत्रिणीला तिकडे पाठवा. आणि फोन करा हो. काय बोलायचं ते आधी ठरवून कोण बोलतं?

चौथी सीट

सगळ्यांचे आभार. चष्मा प्रोग्रेसिव्हच निघाला. चष्मेवाली, तुमच्या तोंडात साखर पडो. मंगळवारी डोळे तपासायला जाते आहे.

पण त्याआधी काल एक वेडेपणा केला. दुपारी घरात "जरा व्हीटीला जाऊन येते" म्हटलं. कुणी का म्हणून विचारलंही नाही. अकरानंतरची गाडी, लेडीज डबा निम्मा रिकामा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी डोंबिवलीहून विंडोला बसले. पुस्तक मांडीवर. फास्ट गाड्या आता मुंब्र्यावरून जातात, पारसिकचा बोगदा लागत नाही, हे विसरलेच होते. बोगद्यात पान उलटायचं नाही, दिवा अपुरा पडतो, हा आमचा नियम. मी थांबून राहिले आणि ठाणा आला. व्हीटीला उतरले, चहा घेतला, परत त्याच गाडीत बसले. जाऊन-येऊन बेचाळीस पानं झाली. १८८ पासून मोजा, आकडा मागे पडला.

घरी आल्यावर त्याच तारेत फोन लावला. ती म्हणाली, "कोण बोलतंय?" मी नाव सांगितलं तरी दोनदा विचारलं. मलाही तिचा आवाज भलताच बारीक वाटला. मग लक्षात आलं, चोवीस वर्षं आम्ही एकमेकींशी गाडीच्या खडखडाटावर ओरडूनच बोलत होतो! मग मीही आवाज चढवला, तशी लगेच म्हणाली, "अगं, तू होय!"

मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं की तुझा आकडा अजून माझ्याकडे आहे, आजच तुझ्या पानापुढे गेले. म्हटलं, गहिवरेल.

तर म्हणते, "ते पुस्तक? ते मी नाशिकला आल्या आल्या संपवलं. शेवट सांगू?"

मी "नको" म्हणून इतक्या जोरात ओरडले की हे गॅलरीतून धावत आले.