काईल अब्राहमच्या नाचात दुःखच का दाखवायचं दरवेळी?

काईल अब्राहम हा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय कोरिओग्राफर, त्याचं 'पेव्हमेंट' (म्हणजे फुटपाथ, २०१२) काल व्हिडिओवर पाहिलं. वस्तीतली पोरं मस्ती करतायत आणि मधेच एकेक जण पालथा पडतो, हात पाठीमागे, बेड्या घातल्यासारखे, परत परत तेच, आणि शेवटी माणसांचा ढीग. पोरं अफाट नाचतात, पण मला खटकलं. तिकीट काढून आलेल्या गोऱ्या प्रेक्षकांना हेच बघायची सवय झालीये, त्यांना अजून किती वेळा मेलेली कृष्णवर्णीय पोरं दाखवायची? त्यापेक्षा त्याचं आधीचं 'द रेडिओ शो' मला जास्त खरं वाटतं. २००९ मध्ये पिट्सबर्गचं कृष्णवर्णीयांचं रेडिओ स्टेशन विकलं गेलं आणि इकडे त्याच्या वडिलांना अल्झायमर्स, बोलणं जात चाललेलं. गाणी लागतात, मधेच खरखर, आणि अंगही तसंच अडखळतं. आठवण म्हणजे हे!

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. त्याच शहरात हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीचा खालचा भाग १९५० च्या दशकात पाडला, जवळजवळ ८००० लोक हुसकावले आणि तिथे स्टेडियम उभं केलं. फुटपाथ म्हणजे त्यांच्यासाठी नुसता रस्ता नाहीये, घर गेल्यावर उरलेली जागा आहे ती. आपल्याला बघवत नाही म्हणून त्याने ढीग दाखवायचा नाही का?

प्रतिसाद २: मुद्दा बघवण्याचा नाहीये, कोणाच्या नजरेसाठी नाचतोय त्याचा आहे. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागतं हे डू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताने १९०३ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, आणि 'पेव्हमेंट' करताना अब्राहमसमोर तेच पुस्तक होतं, म्हणजे त्याला हा पेच चांगला माहिती होता. पुढे 'अॅन अनटायटल्ड लव्ह'मध्ये डी'अँजेलो या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्यांवर नुसती घरगुती पार्टी, सोफा, चेष्टामस्करी, प्रेमात पडलेली माणसं. तेही कृष्णवर्णीय असणंच आहे की.

प्रतिसाद १: हो, पण म्हणून आधीचं कमअस्सल कसं? त्याच पोरांच्या अंगात हिपहॉप आहे, बॅले आहे, एका क्षणी राजासारखं चालतात आणि पुढच्या क्षणी जमिनीवर. ते चालणं नीट बघितलं नसेल तर ढीगच लक्षात राहणार.

धागा काढणारी: चालणं बघितलं, पण ढीग आला तेव्हा मी नजर फिरवली हे कबूल, आज परत बघते. रेडिओबद्दलचं म्हणणं मात्र सोडणार नाही.