रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन आणि घरात कुणी न बोललेलं: तुमच्याकडचं असेल तर लिहा

मोगरा_औसा
काल पोरं झोपल्यावर एक सिनेमा पाहिला. दुसरं महायुद्ध संपून बरीच वर्षं झालेली, अमेरिकेतलं शांत गाव. बाई मूळची रोमानियाची, नवरा डॉक्टर, एक लेकरू. एक दिवस बागेत कुणीतरी कुत्र्याला शिट्टी मारतो आणि ही जागीच थिजते. युद्धात हिच्यावर आणि बहिणीवर जे गुदरलं, त्यातला माणूस हाच, असं तिला वाटतं. मग हातोडा, गाडीची डिकी, घराचं तळघर. तो म्हणतो मी तो नव्हेच, मी स्वित्झर्लंडचा. आणि नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. शेवट सांगत नाही.

मला आमची मोठीआई आठवली. मी शाळेत असताना आम्ही लातूरहून यष्टीनं येत होतो. मधल्या फाट्यावर एक म्हातारा चढला, बगलेत छत्री, हातात दुधाची रिकामी बरणी. मोठीआईनं त्याच्याकडं एकदाच बघितलं, पदर पुढं ओढला आणि कंडक्टरला म्हणाली, थांबव. भर उन्हात उतरलो. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "गाडी लागली मला." तिला जन्मात कधी गाडी लागली नव्हती.

ती गेल्यावर दहाव्याला चुलतआजीनं सांगितलं. ४८ च्या उन्हाळ्यात रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक, गावात शिरले तेव्हा पोरींना पेवात उतरवलं. मोठीआई बारीक होती, ती मावली. थोरल्या बहिणीला जागा उरली नाही. रझाकार बाहेरचे होते, पण घर दाखवणारा गावातला होता. आडनाव विचारलं तर चुलतआजी म्हणाली, "कामून विचारतीस? तुझ्या सोयऱ्यातलं निघंल."

तुमच्याकडचं काही असेल तर लिहा. माणसांची आणि गावांची नावं टाकू नका, लोक अजून हयात आहेत.

कुकर_चढवलाय
बाई गं. अंगावर काटा आला. सविस्तर लिहिते, कुकर होऊ दे. (शिट्टी म्हणलं की आता दचकायला होणार, आभार.)

बोरीकाठचा
आमचे आबा नळदुर्गचे. १३ सप्टेंबर ४८ चं, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनला हिंदी फौज निजामाच्या हद्दीत शिरली त्या दिवसाचं, सगळं तोंडपाठ. सोलापूरकडून फौज आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, बोरी नदीवरचा पूल हिंदी फौजेनं धरला. रणगाड्याच्या पट्ट्याचे वळ रस्त्यावर केवढे उठले होते ते वितीनं मोजून दाखवायचे. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. पण १७ तारखेला निजाम शरण आला की आबांची गोष्ट संपायची. "मंग काय, झालं की सुतंत्र."
त्याच्यानंतरच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या गावातली मोमीन आळी, मुसलमान विणकरांची, जळाली हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेपण दुसऱ्याकडून. आबा तेव्हा बावीस वर्षांचे, तालमीत जाणारे, गावातल्या जवान पोरांचे म्होरके. मी त्यांना विचारलं नाही. आता ते नाहीत.

बीडचा_बाळ्या
आमच्याकडं उलटं बगा. घरात गुपित नव्हतंच, सगळे सांगायचे आमचे तात्या लढले म्हणून. पेन्शन चालू, १७ सप्टेंबरला टोपी, झेंड्याला पुढची खुर्ची. पुढं चौकशी लागली तेव्हा कळलं, तात्यांचा जन्म ४२ चा. सहा वर्षांचा सैनिक. रझाकारांना रडून हैराण केलं असेल

कुकर_चढवलाय
बाळ्या 🤣🤣 भाकरी करपली माझी

शेख_परंडा
लिहू का नको असं दोन वेळा झालं. लिहितो.
माझे नाना गवंडी. पोलीस अ‍ॅक्शननंतर गावात जमाव आला. नानांना एका मराठ्याच्या वाड्यात बळदात घातलं, वरून ज्वारी सोडली, नाकापाशी सूप आडवं धरलेलं. पाटलीणबाई ढेलजेत जातं मांडून बसल्या. जमाव आल्यावर म्हणाल्या, आत लेक बाळंत झालीय, पाचवी व्हायचीय, एकाचंही पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं तर बघा. कुणी बाळंत-बिळंत नव्हतं. जमाव गेला. नानांचे दोघे भाऊ शेतात होते, ते परत आले नाहीत.
जमावात कोण कोण होतं हे नानांना ठाऊक होतं, सूप धरून आवाज तर ऐकू येतच होते. त्यातल्या दोघांची घरं पुढं नानांनीच बांधली. एकाच्या ओट्याचा दगड इतका सुंदर घडवलाय की अजून लोक बघतात. मी कॉलेजातल्या जोशात विचारलं, तुमच्या भावांना मारणाऱ्यांची घरं बांधली कशी? म्हणाले, "मजुरी नगद देते थे." नानीनं मला बाहेर हाकललं. "पुरानी बातां नक्को निकालो बेटा."
१७ सप्टेंबरला शाळेत आम्हीपण जिलेबी खायचो, मोगराताई. घरी त्या दिवशी नानी कुणाशी बोलायची नाही, एवढंच.

मोगरा_औसा
शेखभाऊ, लिहिलंत ते फार बरं केलं. पाटलीणबाईंना मानलं.

चिडका_बिब्बा
धागा रझाकारांचा आहे का त्यांच्या सहानुभूतीचा? आमच्या पंज्याला झाडाला बांधून मारलं. लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायची ज्वारी लपवली म्हणून. सिनेमातल्या बाईनं केलं तेच बरोबर. तळघरात बांधायचं आणि कबूल करेपर्यंत सोडायचं नाही.

इतिहासाचे_सर
बिब्बा, तुमच्या पणजोबांचं दुःख खरं आहे आणि शेख यांच्या नानांचं पण. दोन्ही एकाच वर्षातलं. धाग्यावर नवी पोरं असतील म्हणून थोडं सांगतो.
आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद असे पाचच जिल्हे, लातूर हा उस्मानाबादचा तालुका. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरलाच वकिली करायचा, त्यामुळे लातूरच्या जुन्या लोकांना तो भाषणातला नव्हे, काळ्या कोटातला आठवायचा. १५ ऑगस्ट ४७ ला बाकी देश मोकळा झाला, आपण तेरा महिने थांबलो. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, आणि सरहद्दीपलीकडं उमरखेड, बार्शी अशा ठिकाणी लढणाऱ्यांचे कॅम्प उभे. १३ ते १७ सप्टेंबर ४८ फौज चालली.
त्यानंतर जे झालं त्याची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार वगैरेंना पाठवलं. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,०००. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या चार जिल्ह्यांना. आणि हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजारी वाचवल्याचेही दाखले त्यात आहेत. अहवाल कित्येक दशकं कुणाला बघायला मिळाला नाही. सरकारनंही घरातल्या म्हाताऱ्यांसारखंच केलं.
आणि कबुलीचं म्हणाल तर रझवी ५७ ला सुटला आणि पाकिस्तानात गेला. ज्याला बांधायचं तो गेला. मार खाल्ला तो गावातल्या विणकरानं.

चिडका_बिब्बा
सर, तुमचा विद्यार्थी आहे मी, ८९ ची बॅच. तुमच्याशी काय भांडू. पण राग जात नाही.

इतिहासाचे_सर
ओळखलं. मागच्या बाकावरचा. राग राहू दे, पण लेव्हीचं जरा घरात विचार. ज्वारी लपवलीय हे सांगायला कोण गेलं होतं?

चिडका_बिब्बा
😶 चुलत भाऊबंदकी होती म्हणतात. विचारतो.

रात्रपाळी_सिस्टर
मी सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला असायचे. म्हाताऱ्या बायांना विसर पडायला लागला की कालचं जेवण आठवत नाही, पण जुनं सगळं वर येतं. एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. दिवसा गोड. रात्री आठनंतर वॉर्डातले दिवे बंद करा म्हणून मागं लागायच्या. "इझव, इझव, लांबून दिसतंय." गळ्यातली पोत काढून गादीखाली सारायच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या तोंडावर हात ठेवायच्या, ओरडू नये म्हणून. ती बाई बिचारी घाबरायची. आजींच्या मुलाला विचारलं तर साठीच्या त्या माणसाला काहीसुद्धा माहीत नाही. "आई असं कधी बोलली नाही हो."
आम्ही शेवटी त्यांच्या खाटेपाशी दिवा लावायचंच सोडलं, टॉर्चवर सलाइन बघायचो. मग झोपायच्या.
सिनेमा पाहिला नाही. बघणार पण नाही.

कुकर_चढवलाय
सिस्टर 🙏

जालन्याची_सून
आमच्या सासऱ्यांच्या पेटीत एक वही होती, लाल फडक्यात बांधलेली, मोडीत. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या त्यात "त्या लोकांची" नावं आहेत, हिशेब चुकता करायचाय म्हणून ठेवलीत. आम्ही सगळे टरकून. सासरे गेल्यावर दिरांनी मोडी वाचणारा गाठला. सत्तर पानं. नावं होती, नाही असं नाही. पण पुढं पायलीचे आकडे. ज्वारी कुणाला किती उसनी दिली, हाली (निजामाचे) रुपये किती, कलदार (इंग्रजी) किती. आणि मधल्याच एका पानावर माझ्या माहेरच्या पणजोबांचं नाव, तीन मण बाकी.
आता दीर दर दिवाळीला व्याजासकट मागतात.

बीडचा_बाळ्या
वहिनी, बदला म्हणतात तो हाच

माळवद_पडलं
आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर ९३, पहाटे चारच्या आत-बाहेर. आदल्या रात्री गणपती बुडवून दमून झोपलेलं गाव. मी वाचलो कारण लेझीम खेळून पारावरच आडवा झालो होतो. ते इथं नको.
मलबा उपसताना आमच्या वाड्याची दीड हात रुंद भिंत दुभंगली, तर आत एक बुजवलेला कोनाडा. त्यात तांब्याची घागर, तोंड मेणकापडानं बांधलेलं. लोक जमले, सोनं सोनं. निघाल्या बाईच्या हिरव्या बांगड्या, फुटक्या, एक चोळी आणि लहान लेकराची वाळ्यांची जोडी. वडिलांनी एक शब्द न बोलता घागर परत बांधली. आमच्या घरात त्या वयाचं लेकरू आणि बाई कुणी गेल्याचं कुणीच कधी बोललं नव्हतं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, माझ्या आज्याला आधीची एक बायको होती म्हणं. "होती म्हणं." बास.
मायचं आणि दोन भावंडांचं केलं त्याच दिवशी घागरीतलंपण त्यांच्यासोबत दिलं. नाव माहीत नव्हतं म्हणून नाव न घेता पाणी सोडलं.

शेख_परंडा
🤲

मोगरा_औसा
काय लिहू. नुसतं वाचतेय मघापासून.

पुण्यात_वाढलेला
मावशी, हा सिनेमा हिंदीत आहे का? आणि पेव म्हणजे काय? सगळे लिहिताहेत, मला घर वाटलं आधी.

चिडका_बिब्बा
ही पिढी 🤦

इतिहासाचे_सर
विचारू दे रे. पेव म्हणजे जमिनीतली धान्याची कोठी. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणायचं. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत पोट मोठं. कडब्यानं आतून अस्तर करायचं, ज्वारी भरायची, वर दगड आणि माती. वर्षं-वर्षं टिकते. बळद भिंतीत किंवा खोलीत, पेव जमिनीत.

पुण्यात_वाढलेला
मग पोरींना आत श्वास कसा यायचा?

बोरीकाठचा
रिकामं असंल तरच. भरलेलं पेव उघडलं की लगेच उतरत नसतात, आत विषारी हवा धरलेली असते. आधी कंदील सोडायचा, इझला तर वर या. आमच्या गावात एका पेवात बापामागं लेक, लेकामागं शेजारी, तिघं गेले. लपवायचं म्हणलं तर रिकामं, तोंडावर दगड न ठेवता कडब्याची पेंढी टाकायची, वर शेळी बांधायची.

मोगरा_औसा
शेळीच होती. चुलतआजी म्हणाली होती, शेळी ओरडली नाही म्हणून वाचल्या. मी लिहायचं टाळलं होतं, लोकांना खोटं वाटेल म्हणून.

कुकर_चढवलाय
मी माझं लिहिणार होते पण या सगळ्यापुढं ते काहीच नाही. आमच्या आत्याचं फक्त लग्न मोडलं होतं कॅम्पात गेल्यामुळं. उद्या लिहिते, ह्यांना डबा द्यायचाय.

जालन्याची_सून
लिहा हो. मोडलेलं लग्न म्हणजे काही कमी नाही.

बीडचा_बाळ्या
पेवावरून आठवलं. आमच्या गल्लीत मागल्या साली सिमेंटचा रस्ता झाला. पावसाळा आला की एकाच जागी खचतो, दोन वेळा भरला. कंत्राटदार म्हणतो माती खराब. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना माहितीय खाली चार पेवं हायत, पण कुणीच बोललं नाही, कारण त्यातलं एक सरपंचाच्या आज्याचं आणि वाटणीचा वाद कोर्टात. आत्ता माझ्याच चुलत्याच्या ट्रॅक्टरचं चाक आत गेलंय, दोरखंड घेऊन बोलावलंय. येतो जाऊन.