मदत हवी आहे: अंतराळातले उपग्रह फोडले म्हणजे करार मोडला का? (तातडीचं)

घाईत_आहे: १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारात अंतराळात शस्त्रं नकोत असं आहे ना? मग ज्या चार देशांनी उपग्रह फोडले त्यांनी करार मोडला, असं ठोकून देऊ का? वाचून वाचून डोकं आऊट झालंय. उद्याच बोलायचंय.

तिरपागडा: कुठे बोलायचंय? बाजूने की विरोधात? विषय टाका.

शंकासूर: ठोकू नका, तोंडघशी पडाल. कलम ४ वाचा. अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं कक्षेत ठेवायची नाहीत, एवढंच. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून स्वतःचाच उपग्रह पाडायला त्यात मनाई नाही.

घाईत_आहे: मग त्या कराराचा उपयोग काय??

कक्षाप्रेमी: उपयोग-बिपयोग सोडा, कचऱ्याचा मुद्दा घ्या. चीनने २००७ मध्ये ८५० किमीच्या वर स्वतःचा फेंगयुन-१सी उपग्रह फोडला, तीन हजारांवर तुकडे झाले, बरेचसे अजून फिरतायत. भारताने २०१९ मध्ये मुद्दाम ३०० किमीच्या आसपास चाचणी केली. जबाबदारीने करता येतं.

शंकासूर: जबाबदारीने? त्यातलेही काही तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्याही वर उडाले होते.

कक्षाप्रेमी: आले की खाली! रशियाचं बोला. २०२१ मध्ये स्वतःचा कॉसमॉस १४०८ उपग्रह उडवला तेव्हा तुकड्यांच्या भीतीने स्थानकातले सगळे परतीच्या यानांत जाऊन बसले. त्यात रशियाचे स्वतःचे अंतराळवीरही होते.

दुर्बीणवाला: स्थानक बघायला दुर्बीण लागत नाही बरं का. सूर्यास्तानंतर नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

तिरपागडा: अहो, विषय!

घाईत_आहे: वादविवाद आहे. 'अंतराळात शस्त्रबंदी शक्य आहे'. मी विरोधात.

तिरपागडा: हे घ्या मग. बंदी घालणार कशावर? चीनच्या शिजियान-२१ यानाने २०२२ मध्ये चीनचाच बंद पडलेला बेइदोऊ उपग्रह ओढून वरच्या कक्षेत नेऊन सोडला. साफसफाईच ती. पण तेच यान उद्या दुसऱ्याच्या चालू उपग्रहाला जाऊन चिकटलं तर? यान तेच, फरक फक्त हेतूचा, आणि हेतू तपासणार कोण?

शंकासूर: समोरचे २०२२ चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव काढतील. असल्या विध्वंसक चाचण्या करू नका म्हणणारा, बाजूने १५५ मतं पडली. तो बंधनकारक नाही. रशिया, चीन विरोधात, भारत तटस्थ.

घाईत_आहे: आणि अमेरिका?

शंकासूर: ठराव त्यांचाच. १९८५ आणि २००८ चे स्वतःचे बार उडवून झाल्यावर.